मुंबईची चौपाटी



बारामती-इंदापूरकडून मुंबईला कोणी ना कोणी जातच असतो. कोणी दवाखान्याला, कोणी मंत्रालयात, कोणी लेकीकडे. काम उरकले की पोरे म्हणतात, समुद्र दाखवा. तेव्हा आज गिरगाव चौपाटीविषयी बोलू.

चर्चगेटहून धीमी लोकल धरली की दुसरे स्टेशन चर्नी रोड. रस्ता ओलांडला की समोर वाळू. तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य वारले. त्यांचा अंत्यसंस्कार याच वाळूवर झाला. आधी तिथे हात जोडावे, मग भेळ खावी. भाव आधी विचारावा, हे बाजार करणाऱ्याला सांगायला नको.

आता पाण्याचे. आपली पोरे नीरा डाव्या कालव्यात पोहायला शिकतात. इंदापूरकडची उजनीच्या पाण्यात डुंबतात. त्यांना वाटते, पाणी आपल्या ओळखीचे आहे. पण कालवा एकाच बाजूला वाहतो. समुद्र साधारण सहा तास चढतो आणि सहा तास उतरतो. चढतो ती भरती, उतरतो ती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात. मुंबईला उधाणात पाणी दोन पुरुष चढते.

भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. त्या दिवशी संध्याकाळी सहाला गेलात, तर पाणी चढतच असते. हिशेब अंदाजाचा आहे, थोडे मागेपुढे होते. पण कोळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्यालाही ठाऊक असावी.

ओहोटी वरून गरीब दिसते. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. मोठा माणूसही तोल जाऊन पडतो, मग लेकराचे काय? लेकराचे मनगट धरा. नुसते बोट धरले तर ते सुटते. मरीन ड्राइव्हला कठड्यापलीकडे सिमेंटचे मोठे ठोकळे टाकलेले आहेत. त्यांवर शेवाळ असते, मध्ये फटी असतात. फोटोसाठी तिथे मुळीच उतरू नका.

किनाऱ्यावर पाट्या असतात. आता तुम्हाला वाचता येते, तर थांबून वाचा. लाल झेंडा दिसला किंवा जीवरक्षकाने शिट्टी मारली, तर मागे फिरा. एरवीही पाणी घोट्यापर्यंत पुरे. शहराचे सांडपाणी त्यात मिसळते, तेव्हा म्हाताऱ्यांनी समुद्रस्नानाचा हट्ट धरू नये. आणि गोड्या पाण्याची एक बाटली जवळ असू द्या. खारे पाणी अंगावर वाळले की रात्रभर खाज सुटते.