सटवाईनं लिहिलं, जनुकात लिहिलं

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती ५८ वर्षांची होती. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल फार चढलेलं. घरच्यांचं निदान लगेच झालं, "हे तिच्या माहेरचं!" डॉक्टर माझ्या भावाला म्हणाले, "आनुवंशिक दिसतंय, तुम्ही तपासून घ्या." मी शेजारीच उभी होते. मला कुणी काही म्हटलं नाही.

काही घरांत कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या चढं असतं, हे खरं आहे. यकृताच्या पेशींवर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी जणू दारं असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती शोधली. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. या दारांच्या जनुकात दोष असला, की खाणं कितीही साधं असो, कोलेस्टेरॉल रक्तातच साचतं. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा आनुवंशिक आजार असतो. दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही. दोघांपैकी एकात असला, तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. तर मग बोट फक्त माहेराकडे का? आणि तपासणी फक्त मुलाची का? मी माझी करून घेतली. चढलेलंच निघालं. आता रोज गोळी घेते.

झटक्यातून सावरण्यातही जनुकांचा काही वाटा असावा. २०१९ साली 'सेल' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास आला. तेल अवीवच्या रुग्णांपैकी ज्यांच्या सीसीआर५ या जनुकात एक विशिष्ट बदल होता, ते जास्त चांगले सावरले होते. हा बदल मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, आपल्याकडे विरळाच. आपल्या हाती आहे ते वेगळं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून ताबडतोब मोठा दवाखाना गाठायचा. आणि नंतर महिनोन्‌महिने व्यायाम.

आईचं घोडं अडलं ते इथेच. तीन महिन्यांनी ती कशीबशी पोळी लाटू लागली. घरचे म्हणाले, "झाली की बरी!" व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचं येणं बंद केलं. आईला मात्र पेन धरायचं होतं. सातवी शिकलेली बाई, बँकेत तिचा अंगठा घेत होते. मी भांडून व्यायाम पुन्हा सुरू करवला. वर्षानं सही आली; वाकडी, पण तिची.

पूर्वी म्हणत, सटवाईनं कपाळी लिहिलं. आता म्हणतील, जनुकात लिहिलं. दोन्हींचा अर्थ बाईसाठी एकच होऊ द्यायचा नाही. कोलेस्टेरॉल घराण्यात असेल, तर लेकी-बहिणींची तपासणी करून घ्या. आणि आजारातून उठलेल्या बाईला विचारा, "तुला काय करता यायला हवंय?" ती बरी झाली की नाही, हे पोळपाटावरून ठरवू नका.