लघवी अडली तर लाजू नका



मुतखडा म्हटले की कंबरेतली कळ आठवते. आमची मात्र एका रात्री लघवीच तुंबली. लाजेपोटी आम्ही सकाळपर्यंत कोणाला सांगितले नाही. उलट तांब्याभर पाणी प्यालो. ओटीपोट अधिकच तट्ट झाले. पुरुषांची लघवी बहुधा उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने तुंबते. आमच्या बाबतीत मूत्रपिंडातून उतरलेला खडा मूत्रमार्गात अडकला होता. असे क्वचित घडते. डॉक्टरांनी खडा मूत्राशयात मागे ढकलून लघवी मोकळी केली व नंतर तो फोडून काढला.

बँकेच्या खिडकीवर पाण्यावाचून दिवस काढण्याची सवय आम्हाला भोवली. एरवी दिवसाला २ ते २.५ लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. पण लघवी अडली तर पाणी न पिता तत्काळ दवाखाना गाठावा.