पेट्रोलचा दाब आणि शेतातलं ठिबक



"तू ऑस्ट्रेलियात नेमकं करतोस काय?" हा प्रश्न कालपासून नांदेडच्या मंडळींनी विचारला, लातूरच्यांनीही विचारला. गाड्यांचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे मेकॅनिक?" हो, मेकॅनिकच. फक्त माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या इंजिनात पिस्टन नसतो.

ही रोटरी इंजिनं. कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं इंजिन चाललं. पुढे जपानच्या माझदा कंपनीनं ते चिकाटीनं सांभाळलं आणि १९९१ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत रोटरी गाडीनं जिंकली. यात पिस्टनऐवजी फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पट्ट्या असतात. इंजिनाचा जीव त्या पट्ट्यांत.

माझदाच्या आरएक्स-७ या गाडीच्या काही मॉडेलांना टर्बो असतो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. हौशी मुलं ती हवा आणखी वाढवतात. हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. माझं निम्मं काम एवढंच आहे.

ते कसं चालतं हे समजायला अर्धापूरची केळीची बाग डोळ्यांसमोर आणा. ठिबकला लागतं त्यापेक्षा मोटार जास्त पाणी ओढते. म्हणून आपण बायपासचा कॉक ठेवतो. जादा पाणी परत विहिरीत आणि नळ्यांत दाब ठरलेला. गाडीतही तसंच. टाकीतला पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो, इंजेक्टर हवं तेवढं घेतात आणि उरलेलं रेग्युलेटर टाकीत परत सोडतो. आत एक पडदा आणि एक स्प्रिंग, बस.

फरक एकच. ठिबकचं पाणी उघड्या हवेत पडतं. इंजेक्टर मात्र टर्बोनं हवा कोंबलेल्या जागेत पेट्रोल सोडतो आणि ती हवा त्याला उलट रेटते. समजा पेट्रोलचा दाब ३ बार आहे आणि टर्बोनं १ बार हवा भरली. मग पेट्रोल ढकलायला उरले २ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. 'वर्गमूळ पुढे कुठं कामाला येणार?' असं आपण सगळेच म्हणायचो. सर, ते इथं आलं! हिशेब केला तर पेट्रोल १८ टक्के कमी पडतं, तेही नेमकं जास्त लागतं तेव्हा.

यावर उपाय म्हणून रेग्युलेटरच्या डोक्यावर इंजिनाकडून एक बारीक रबरी नळी आणलेली असते. टर्बोची हवा त्या नळीतून पडद्यावर दाबते आणि पेट्रोलचा दाब ३ वरून ४ होतो. फरक कायम ३ बारचा. म्हणून 'दाब किती?' एवढं विचारून भागत नाही. फरक किती, हे बघावं लागतं.

एका तरुण गिऱ्हाइकाची गाडी टो करून आली होती. दुसरीकडे त्यात मोठा टर्बो आणि महागडा पंप बसवलेला. उभ्या गाडीत सगळं छान चालायचं. पण ती बारीक नळी क्लिपशिवाय नुसती खोचलेली होती. जोर दिल्यावर निसटली. पेट्रोल कमी पडलं, नॉकिंग झालं, पट्टी तुटली आणि तिचा तुकडा एक्झॉस्टमधून जाऊन टर्बोचं पातं घेऊन गेला. वीतभर नळीपायी पोराची दोन वर्षांची बचत गेली. तो सुखरूप होता, हे महत्त्वाचं.

म्हणून मी उभ्या गाडीच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आधी नळी काढून दाब बघतो, मग लावून, आणि शेवटी डायनोवर पूर्ण जोर देऊन. टर्बोची हवा जेवढी वाढली तेवढाच पेट्रोलचा दाब वाढला पाहिजे. नाही वाढला तर फिल्टर तुंबलाय, पंपाला व्होल्टेज कमी मिळतंय किंवा पंपच अपुरा आहे. उलट, पंप मोठा आणि परतीची नळी अरुंद असेल तर उभ्या गाडीतच दाब खाली येत नाही.

आपली मुलं आता गाड्या घेण्याच्या वयात आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आपल्याकडे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे त्यांना सांगा. आणि हेही सांगा, की बॉनेटखाली ४ बार दाबाचं पेट्रोल तापलेल्या टर्बोजवळून वाहतं. तिथं एखादा जोड गळला तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही, आत बसलेल्यांचा होतो. ताकद वाढवायची हौस वाईट नाही. पण आधी नळ्या, क्लिपा, फिल्टर आणि वायरिंग. टर्बो सगळ्यात शेवटी.

कुणाच्या मुलाला हे शिकायचं असेल तर त्यानं मला जरूर फोन करावा. गणिताच्या सरांना आणि विज्ञानाच्या बाईंना माझा नमस्कार. आता जेवायला चला.