पडद्यावरची शिळी प्रत

संगणकाच्या आज्ञावली ज्यांत लिहितात त्या साधनास कोड एडिटर म्हणतात. त्यांत फाइल उघडली कीं तिची प्रत पडद्यावर येते. मागाहून दुसऱ्या कोणीं मूळ फाइल बदलली, तर एडिटरनें आपण होऊन ती प्रत ताजी करावी, अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा असते. फाइल त्याच यंत्रांत असेल तर ती बहुधा पुरी होते. फाइल नेटवर्क ड्राइव्हवर, म्हणजे वस्तुतः दुसऱ्याच यंत्रावर असली, कीं मात्र पुष्कळदां पडद्यावर जुनाच मजकूर राहतो, आणि शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यानें केलेली दुरुस्ती दिसत नाहीं.

याचें कारण असें कीं, एडिटर स्वतः पाळत ठेवीत नाहीं. तें काम तो ऑपरेटिंग सिस्टिमवर सोंपवितो. लिनक्समध्यें त्यासाठीं २००५ सालीं आयनोटिफाय नांवाची सोय झाली. हा जणू वाड्याच्या दिंडीवरील पहारेकरी. त्याच्या दिंडीनें कोणी आंत गेला कीं तो तत्काळ वर्दी देतो. परंतु वखार दुसऱ्या पेठेंत, आणि तिला दहा दरवाजे. तेथें कोण शिरला हें त्या बिचाऱ्यास कसें कळावें? दुसऱ्या यंत्रावरून झालेला बदल या यंत्राच्या सिस्टिममधून जातच नाहीं. आयनोटिफायच्या मार्गदर्शिकेंत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. ती वाचण्याची तसदी मात्र थोडेच घेतात. विंडोजच्या एसएमबी पद्धतींत सर्व्हरकडून वर्दी मागविण्याची तरतूद आहे, पण सर्वच सर्व्हर ती सारख्या इमानानें पाळतात असें नाहीं.

मग थोड्या थोड्या वेळानें स्वतः जाऊन फाइलीची तारीख-वेळ पाहून येणें, एवढेंच उरतें. ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्यें अशी फेरी ५ सेकंदांची असते. पण फायली हजारों असल्या तर त्या फेऱ्यांनींच नेटवर्क थकून जातें. शिवाय सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ सालीं काढलेल्या एनएफएस पद्धतींत सर्व्हरला वारंवार शिणवूं नये म्हणून फाइलीची वेळ जवळच टिपून ठेवितात. लिनक्सवर ही टिपणी सहसा ३ ते ६० सेकंद चालते. म्हणजे विचारणाऱ्यासही उत्तर शिळेंच मिळूं शकतें!

शिळी प्रत नुसती वाचली तर फारसें बिघडत नाहीं. ती जतन केली म्हणजे अनर्थ होतो. मूळ फाइल मध्यंतरीं बदलली असल्यास विम हा एडिटर लिहिण्यापूर्वी सावध करितो आणि लिहावें काय असें विचारतो. संवयीनें होकार दिला, कीं सहकाऱ्याचें सकाळपासूनचें काम एका क्षणांत पुसलें जातें, आणि त्यास तें सायंकाळपर्यंत कळतही नाहीं.

म्हणून जाणते लोक प्रत्येकाची प्रत ज्याच्या त्याच्या यंत्रावर ठेवून गिटसारख्या साधनानें बदलांची देवघेव करितात. ज्या कचेऱ्यांस सामाईक ड्राइव्हवांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं फेरी मोजक्याच फोल्डरांपुरती ठेवावी, आणि विम वापरणाऱ्यानें लिहिण्यास हात घालण्यापूर्वी ‘चेकटाइम’ ही आज्ञा देऊन मूळ फाइल बदलली कीं काय तें पाहून घ्यावें.