मला गाडी का नाही?

(1996 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून चार जणांनी मला विचारलं, "व्हिएन्नात कुठली गाडी घेतलीस?" नाही घेतली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "सात वर्षांत एकही नाही? पर्यावरणवाली झालीस की काय?" चहाच्या रांगेत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ही दहा मिनिटं मागून घेतली.

तुम्हाला आठवत असेल, नववी-दहावीत मी संध्याकाळी सारखी पडायचे. राजवाड्याजवळचा क्लास सुटेपर्यंत दिवेलागण झालेली असायची आणि खालच्या रस्त्यानं उतरताना मला पायरी, सायकल, बसलेली गाय, काही म्हणजे काही दिसायचं नाही. तुम्ही मला धांदरट म्हणायचात. मीही तेच समजायचे. पण दोघी मैत्रिणी न बोलता माझा दंड धरायच्या आणि घराच्या कडीपर्यंत सोडायच्या. दोघीही आज इथे आहेत. नावं घेतली तर रागावतील.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंग, नोकरी, आधी स्कूटर, मग गाडी. अडतिसाव्या वर्षी एका संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना डावीकडून सायकलवर आलेला मुलगा मला दिसलाच नाही. खरचटण्यावर निभावलं. त्याची आई ओरडत होती आणि मी एवढंच म्हणत होते की तो तिथे नव्हता. तपासण्या झाल्यावर आजाराचं नाव कळलं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. यात आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेचं. शेवटी नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. वेग प्रत्येकाचा वेगळा. त्या रात्री गाडीची किल्ली नवऱ्याला दिली, ती परत घेतली नाही.

नवरा चांगला आहे, कुरकुर न करता ने-आण करायचा. पण कोथिंबीर आणायलासुद्धा "तू कधी मोकळा आहेस?" असं विचारावं लागायचं. रिक्षा होत्या. पण रिक्षापर्यंत पोचायला रस्ता ओलांडावा लागतो, आणि फुटपाथवर स्कूटर, डीपी आणि वडापावची गाडी.

ऑफिसनं बदलीसाठी तीन शहरं दिली. सवयीनं मी एक्सेल केलं: पगार, भाडं, शाळा, कर. अमेरिकेतलं शहर सहज पहिलं आलं. तिथल्या सहकाऱ्याला विचारलं, दूध कुठून आणतोस? म्हणाला, गाडीनं, दहा मिनिटं. मग सगळे रकाने पुसले आणि एकच ठेवला: उद्या मला काहीच दिसेनासं झालं, तर या शहरात मी एकटी दूध आणू शकेन का?

नोव्हेंबरात आठवडाभर व्हिएन्नाला जाऊन आले. मारियाहिल्फ भागात उतरले आणि मुद्दाम अंधार पडल्यावरच बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी भिंतीला धरून चालले. तिसऱ्या दिवशी भिंत सोडली. फुटपाथ रुंद, उजेड सलग, मधे खड्डा नाही. कितीतरी सिग्नल टिकटिक करतात, चालायची वेळ झाली की टिकटिक जलद होते. मेट्रोच्या फलाटावर काठीला लागतील अशा उंचवट्यांच्या रेषा आहेत. नव्या ट्रामची पायरी जवळजवळ फुटपाथच्या पातळीला.

हे आपोआप झालेलं नाही, हे नंतर वाचलं. 1991 मध्ये एफा काइल आणि तिच्या सहकारिणीनं एक प्रदर्शन भरवलं होतं. विषय साधा: शहरातल्या बायकांचा दिवस कसा जातो, त्या कुठे आणि कशासाठी फिरतात. गाडीत पुरुष जास्त आणि पायी बायका जास्त, हे त्यामुळे नियोजन करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पुढे याच मारियाहिल्फमध्ये फुटपाथ रुंद झाले, दिवे वाढले. बाबागाडीसाठी केलेलं काम मला उपयोगी पडलं. 2012 पासून वर्षाचा पास 365 युरोंना होता, म्हणजे दिवसाला एक युरो. 2026 मध्ये महागला, तरी गाडीच्या विम्यापुढे काहीच नाही.

स्वर्ग नाही हं. डिसेंबरात चारलाच सूर्य मावळतो. रातांधळ्या बाईनं असं शहर निवडलं, याला आमच्याकडे घरातला विनोद म्हणतात. रविवारी दुकानं बंद. जर्मन अजून अडखळत बोलते.

आणि आई इथे, एकटी. तिचे गुडघे उत्तम आहेत, पण पोवई नाक्याकडे जाणं तिनं सोडलं, रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून. तीन महिने माझ्याकडे राहिली तेव्हा रोज ट्रामनं बाजारात जायची, एकटी, एका अक्षराची भाषा येत नसताना. म्हणाली, "इथं मला म्हातारी झाल्यासारखं वाटत नाही गं." तरी परत आली, कारण तिथे बोलायला कुणी नाही. तिला चालता येईल असं गाव आणि तिच्याशी बोलणारं गाव, या दोन वेगळ्या देशांत आहेत. याचं उत्तर मला सापडलेलं नाही. एक्सेलमध्ये तर नाहीच.

डॉक्टर म्हणतात, कडेचं आणखी थोडं गेलंय. पांढरी काठी घेतली आहे, आज पिशवीत आहे. इथे काढायला लाज वाटत होती, आता नाही वाटत.

कार्यक्रम सातला संपेल, तेव्हा अंधार पडलेला असेल. बाहेर तुमच्या गाड्या आहेत, ते दिसलं मला. पण मला खालच्या रस्त्यानं मोती चौकापर्यंत चालत जायचंय. कोण येतंय?