जुन्या ई-पत्रांचे दप्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या आधी कोणी तरी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ती पाळी माझी. विषय सांगितला तेव्हा दोघी-तिघी हसल्या. "ई-मेल आता कोण लिहितं? सगळं व्हॉट्सॅपवरच चालतं की!" खरे आहे, आणि म्हणूनच मला बोलावेसे वाटले. वापरातून गेलेली वस्तू आपण माळ्यावर टाकतो आणि पुढे ती कोठे गेली ते कोणालाच आठवत नाही.

आपल्या मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. कागद जपले होते म्हणून ते झाले. त्यांत फौजा आहेत, कर्जे आहेत, राजकारण आहे. साध्या घरातल्या बाईचे पत्र मात्र शोधावे लागते. उलट आनंदीबाई जोशी पाहा. १८८३ साली ती अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बाविशी पुरी होण्याआधीच, पुण्यात वारली. तिची पत्रे राहिली म्हणून काशीबाई कानिटकरांना तिचे चरित्र लिहिताना तिच्याच शब्दांचा आधार मिळाला.

आता घरची गोष्ट सांगते. माझी थोरली बहीण २००२ साली शारजाला गेली. फोन महाग, म्हणून ती ई-मेल करी. येथे स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत मी आठवड्यातून एकदा जाई, पत्र छापून आणी आणि आईला वाचून दाखवी. मराठी, पण लिपी इंग्रजी; मधूनमधून कानडी, कारण आमचे आजोळ विजापूरकडचे. २००५ साली मुलगी झाली त्या रात्री तिने लिहिले होते, "आई, नाक अगदी तुझंच घेऊन आलीय." गुड्डापूरला दानम्मादेवीच्या यात्रेला कोण कोण गेले, ही चौकशी दर साली. आणि २०१३ च्या उन्हाळ्यात टँकर किती दिवसांनी येतो, गुरे कोणत्या छावणीत बांधली, हे मी तिला लिहिलेले आहे. त्या वेळी ती घरगुती रडगाणी वाटली. आज वाचते तेव्हा जत तालुक्याच्या त्या दुष्काळाची ती रोजनिशीच आहे.

अक्का २०१९ साली गेली. तिच्या खात्याचा पासवर्ड कोणाजवळ नव्हता. पुढे त्या कंपनीने बरेच दिवस न उघडलेली खाती रिकामी केली, त्यांत तिचेही गेले. भाचीला आईने इतरांना लिहिलेले एक अक्षर मिळाले नाही. माझ्या पेटीत मात्र दोन्ही बाजूंची पत्रे होती, चारशेच्या वर. तिला तिच्या जन्मरात्रीचे पत्र मिळाले ते तेवढ्यामुळे.

तेव्हा प्रथम हे ध्यानात घ्या की फोनवर पत्र दिसते म्हणजे ते आपल्या घरी आहे असे नाही. ते कंपनीच्या यंत्रावर असते आणि फोन ही नुसती खिडकी. फोनमधून पुसले की बहुधा तिकडूनही जाते. गूगलने २०२३ च्या मे महिन्यात जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जातील, आणि त्या डिसेंबरपासून तसे सुरूही झाले. फुकट जागा पंधरा जीबी, त्यांतच फोटोही. सकाळच्या नमस्काराची फुले आणि नातवंडांचे व्हिडिओ यांनी ती कशी भरते ते आपणां सर्वांना ठाऊक आहे!

प्रत काढणे अवघड नाही. गूगलचीच 'टेकआउट' नावाची सोय आहे. तेथे सर्व खुणा काढून फक्त मेलवर खूण करावी आणि मागणी नोंदवावी. काही तासांनी, कधी दिवसांनी, उतरवून घेण्याचा दुवा येतो. तो थोडेच दिवस चालतो, म्हणून वीज आणि नेट दोन्ही आहेत अशी वेळ साधावी. हाती येते ती 'एमबॉक्स' जातीची फाइल. ती थंडरबर्ड या फुकट प्रोग्रॅममध्ये, थोडी जुळवाजुळव करून, उघडता येते. उघडून दहा-पाच पत्रे वाचून पाहावीत, जोडलेला एखादा फोटोही पाहावा. लोणच्याची बरणी झाकण न उघडता फळीवर ठेवून कसे चालेल?

जाणकार सांगतात की प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. माझी एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, तिसरी सांगलीला लेकीच्या कपाटात. पेनड्राइव्हवर एकट्यावर माझा विश्वास नाही. वर्षानुवर्षे पडून राहिला तर तो मुका होतो. निवडक पत्रे कागदावर छापावीत हे उत्तम. तथापि पैशाच्या किंवा वाटणीच्या वादात मूळ पत्र पुसू नये. कोर्टात नुसता छापील कागद सहसा पुरत नाही, त्याबरोबर कायद्याने ठरलेले प्रमाणपत्र लागते.

एक खोच आणखी आहे. जुन्या काळी कोणी शिवाजी फॉन्टमध्ये मराठी लिहून जोडलेले असेल, तर आज ते उघडताच इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. घाबरून पुसू नका. तो फॉन्ट बसविला किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, की अक्षरे पुन्हा जुळतात.

काय ठेवावे, काय टाकावे? जाहिराती खुशाल टाका. घरची पत्रे मात्र निवडत बसू नये, असे माझे मत आहे. मी टँकरची पत्रे त्या वेळी निवडली असती तर पहिली तीच गेली असती. पण त्यांत सुनेची तक्रार असते, कोणाचे दुखणे असते. ती प्रत दिवाणखान्यात वाचायची नव्हे, कुलपातली. आणि आपल्या मागे ती कोणाच्या हाती जावी तेही ठरवून ठेवावे. गूगलच्या खात्यात तशी सोय २०१३ पासून आहे: आपण नेमलेले महिने खाते निपचित पडले तर आपण सांगितलेल्या माणसाला कळविले जाते, आणि आपण संमती दिलेला मजकूर त्याला उतरवून घेता येतो. पासवर्डाची चिठ्ठी तांदळाच्या डब्यात लपविण्यापेक्षा हे बरे.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मी माझा लॅपटॉप घेऊन मंडळाच्या खोलीत बसणार आहे. येताना फोन, चार्जर आणि रिकामी हार्ड डिस्क असेल तर ती आणा. ज्यांना पासवर्ड आठवत नाही त्यांनी अर्धा तास आधी यावे.