काळी, पांढरी आणि घराचा पाया

महाराष्ट्रांतील खेड्यांत जमिनीचीं दोन नांवें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत : वस्तीची ती पांढरी व पिकाची ती काळी. पांढरीवर राहावें आणि काळींत पेरावें, हा जुना परिपाठ. पुढें शहरें वाढलीं, शेतांचे प्लॉट पडले, आणि काळीनें जें ओझें कधीं वाहिलें नव्हतें तें तिच्या माथीं आलें. जन्माची शिल्लक घालून प्लॉट घेणारा गृहस्थ रस्ता पाहतो, पाणी पाहतो, दिशाही पाहतो. पायाखालची माती तेवढी पाहावयाची राहते.

काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें चिकणद्रव्य असतें. तें पाणी पिऊन फुगतें व वाळलें कीं आकसतें. वैशाखांत ज्या भेगेंत हात जातो ती आषाढांत मिटते. घराच्या मध्यभागींची माती झांकलेली असल्यानें ओल धरून राहते. बाहेरच्या भिंतींखालची मात्र दरसाल वरखालीं होते. मग घर एकसारखें न खचतां कोपऱ्यांत हालतें आणि खिडकीच्या कोनांतून तिरपी चीर निघते. गिलाव्यानें ती बुजते. पुढच्या उन्हाळ्यांत पुनः उघडते.

येथें एक फसगत फार होते. उन्हाळ्यांत ही माती इतकी टणक बनते कीं कुदळ उसळते. जमीन दगडासारखी आहे असें म्हणून गवंडी चर आंखतो, आणि खर्च वांचल्याचा मालकाचा आनंद पहिल्या पावसापर्यंत टिकतो.

परीक्षेचा आरंभ शेजारच्या विहिरीपासून करावा. ती बांधीव नसेल तर काळी किती खोल आहे व मुरूम कोठें लागतो, हें तिच्या कडेवर उघडें दिसतें. मात्र तेवढ्यावर विसंबूं नये. थोड्या अंतरांतही थर बदलतो. स्वतःच्या जागेंत निदान दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत, आणि खोल खड्ड्याच्या कडांना फळ्यांचा आधार दिल्यावांचून मजुरास आंत उतरवूं नये. जुन्या गांवठाणांतही ही तसदी चुकत नाहीं. तेथें एखादें बुजलेलें धान्याचें पेव नेमकें भिंतीच्या रेषेखालीं निघावयाचें!

फुगण्याची परीक्षा तर फारच साधी आहे. वाळवून चाळलेली माती दहा दहा ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन कांचनळ्यांत टाकतात. एकींत शुद्ध पाणी, दुसरींत घासलेट. घासलेटांत माती फुगत नाहीं. २४ तासांनीं दोन्ही नळ्यांतील मातीचें आकारमान वाचतात. घासलेटांतल्यापेक्षां पाण्यांतली माती निम्म्यानें किंवा अधिक वाढलेली दिसली, तर नेहमींचा उथळ पाया त्या जागीं घालूं नये. जमीन भार किती सोसेल, हा प्रश्न निराळा. त्यासाठीं भोंक पाडून ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून सोडतात, व ठराविक खोली गाठण्यास किती ठोके लागले तें मोजतात. हें काम जाणत्या अभियंत्याकडूनच करवावें.

मुरूम जवळ लागला तर काळी काढून पाया त्यावर घ्यावा. काळी फार खोल असेल तेथें, रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें पुढें आणलेले, तळाशीं कंदासारखे फुगीर असे काँक्रीटचे खांब उपयोगी पडतात. ते निदान ३.५ मीटर उतरवावे लागतात, कारण ऋतूंबरोबर होणारी मातीची हालचाल साधारण तेवढ्या खोलीपर्यंत पोंचते. चरांतून निघालेली काळी पुनः चरांत ढकलूं नये. भरावास मुरूम आणावा, आणि काळी परसांतल्या झाडांना घालावी.